पाचशे सत्तेचाळीस नंबर

हेदकोंडची तुळसा वाचायला शिकली ती मतदार यादीवर. शाळेची पायरी ती चढली ती फक्त पोराला सोडायला. पन्नाशी उलटल्यावर एकदा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकवलेल्या यादीसमोर ती उभी राहिली, कुणीतरी बोट ठेवून तिला तिचं नाव दाखवलं, आणि तेवढ्या अक्षरांवरून तिनं पुढचं सगळं उकलून काढलं. तुळसामधला 'सा' सारिकात सापडला, सारिकातला 'का' काशीबाईत. अशी एकेका बाईच्या नावातून एकेक अक्षर काढून घेत ती शिकली. आजही वर्तमानपत्र हातात आलं की अडखळते, यादी मात्र घडाघडा वाचते. आधी आकडा, मग नाव, मग नवऱ्याचं नाव, मग वय. त्यामुळे माणसं तिच्या डोक्यात आकड्यानंच बसलेली. "दोनशे अकरा पोटुशी हाय," असं ती घरात सांगते, आणि चांगूला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, दोनशे अकरा म्हणजे सारिका हे इतक्या वर्षांत पाठ झालंय.

ही यादी काखेत मारून तिनं गावात नळ आणला, निराधार बायकांच्या पेन्शनी काढल्या, एका ग्रामसेवकाला बदली मागून घ्यायला लावली. शिकलेली माणसं तिला दबकतात. तिला ते आवडतं, आणि आवडतं हे ती लपवत नाही.

वरंधच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून वर चढलं की हेदकोंड. फाट्यावर एस.टी.चा थांबा. दोन वर्षांपूर्वी त्या थांब्याला खेटून देशी दारूचं दुकान उघडलं, रीतसर परवान्याचं. संध्याकाळच्या गाडीनं बिरवाडीहून शाळेच्या पोरी उतरायच्या, त्याच वेळी दुकानासमोर कंपनीतून सुटलेल्यांची आणि कामच नसलेल्यांची जत्रा. पहिल्या वर्षी तीन घरांनी दहावीनंतर पोरी घरी बसवल्या. दुसऱ्या वर्षी पाच घरांनी. तुळसा दुकानदाराकडे गेली ती भांडायला नाही, सांगायला गेली, की बाबा, शंभर पावलं पलीकडे हो. तो हसला आणि म्हणाला, दुकानाला परवाना आहे, तुमचा थांबा हलवा. त्याच पावली ती घरी आली आणि अर्ज लिहायला बसली.

असं दुकान बंद करायचं तर फक्त बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं. बाटली उभी, म्हणजे दुकान राहू दे. बाटली आडवी, म्हणजे बंद करा. ऐकायला सोपं, पण त्यात एक खोच आहे. मतदानाला आलेल्यांतल्या निम्म्या बायका पुरत नाहीत, यादीत नाव असलेल्या सगळ्या बायकांच्या निम्म्याहून अधिक लागतात. हेदकोंडच्या यादीत बायका चारशे अठरा. आडव्या बाटल्या दोनशे दहा पाहिजेत, एकही कमी चालत नाही. जी आली नाही ती आपोआप उभ्या बाटलीत जमा. मुंबईला गेलेली, लग्न होऊन सुरतेला नांदणारी, आणि जिच्या बाराव्याचं जेवण गाव जेवून विसरलाय तीसुद्धा. तुळसा तहसील कचेरीत म्हणाली, "साहेब, आमच्या गावात मेलेल्या बायकापण दारूच्या दुकानाला मत देतात." साहेबानं हसू दाबलं आणि नावं कमी करायची मुदत गेली असं सांगितलं.

फेब्रुवारीतला रविवार ठरला. तुळसानं वहीत एकेका आकड्यासमोर फुली मारत बायका मोजल्या. मुंबईहून येणाऱ्या, माहेरपणाला गेलेल्या, अंथरुणावर असलेल्या, सगळ्यांची सोय लावून झाली. बेरीज दोनशे नऊवर येऊन अडकली. आठ दिवस ती यादी वर-खाली वाचत होती. दोनशे नऊचे दोनशे दहा होईनात.

मतदानाला चार दिवस उरले असताना बुधवारी दुपारी तिच्या अंगणात एक पांढरं धूड येऊन उभं राहिलं. तुळसाचा मुलगा सुधीर भांडुपला शाळेची बस चालवतो. त्याची बायको पूनम एका दवाखान्यात कागदपत्रं सांभाळते, मुलगी दिशा दहावीच्या उंबरठ्यावर. रोज दुसऱ्यांची पोरं फिरवणाऱ्या नवऱ्यानं एकदा तरी आपल्याला फिरवावं, असं पूनमनं वर्षभर मनात धरलं होतं. त्यातून ही गाडी भाड्यानं आली. आत बसायचे बाक रात्री बिछाने होतात, कोपऱ्यात शेगडी, छोटा फ्रीज, भिंतीत दुमडणारं टेबल आणि दाराआड संडास. दिशा तिला कॅराव्हॅन म्हणाली. चांगूनं भोवती एक फेरी मारून टायरला हात लावला आणि आपण गुरं सोडून कुठं येणार नाही हे आधीच सांगून टाकलं. तुळसानं संडासाचं दार उघडलं, शेगडीकडे पाहिलं, आणि दोन हातांवर रांधायचं आणि तिथंच बसायचं, ह्याला घर म्हणतात की खुराडं, असं विचारलं.

पूनमनं बेत सांगितला. उद्या सकाळी शिवथर घळ, मग वरंधा घाट, भोर, वाटेत एक मुक्काम, शुक्रवारी नाशिक. तिथं द्राक्षांचे मळे आणि वायनरी. शनिवारी भंडारदऱ्याचं पाणी बघून मुंबई. तुम्हाला आम्ही परतीला कसाऱ्याहून गाडीत बसवून देऊ.

तुळसा ऐकून घेत होती ते फक्त सुनेचं बोलणं मध्येच तोडू नये म्हणून. रविवारी मतदान, आणि ही बया दारू बघायला चल म्हणते. ती नाही म्हणणार एवढ्यात तिच्या डोक्यात काहीतरी हललं. नाशिक. ती आत गेली, यादी घेऊन बाहेर आली, थुंकी लावून पानं उलटली.

पाचशे सत्तेचाळीस. सोनाली किशोर उतेकर, वय एकतीस. धोंडूबाईची सून. धोंडूबाई म्हणजे तुळसाचा उजवा हात, पण सासू-सुनांचं चार वर्षांपूर्वी असं बिनसलं की नवरा-बायको पोरांना घेऊन नाशिककडे निघून गेली. सोनाली तिकडं एका वायनरीत कामाला लागलीय एवढं गावाला ठाऊक, पण गावातला फोन ती उचलत नाही. नाव मात्र यादीत तसंच.

"येते मी," तुळसा म्हणाली. "कधी निघायचं?"

पूनमला इतका आनंद झाला की तिनं सासूला विचारलंच नाही, एवढं सोपं कसं झालं म्हणून.

गुरुवारी घळीत त्यांनी दर्शन घेतलं. धबधबा फेब्रुवारीत दोरीएवढा उरलेला, पण आतला गारवा तसाच. दिशानं आजीचे चार फोटो काढले आणि चारींत आजी घड्याळाकडे बघत होती. वरंधा घाटात गाडी भजीच्या टपरीवर थांबली. खाली दरीत शिवथरची खाचरं वाळून तपकिरी पडलेली, माकडं कठड्यावर. तुळसाला भजी खाल्ल्यावर खोटं बोलता येत नाही की काय, कोण जाणे. तिनं पूनमला सगळं सांगून टाकलं. मी द्राक्षं बघायला आलेली नाही, एका मताला आलेय.

पूनमचा घास तोंडाशीच राहिला. वर्षभर ती ज्या चार दिवसांची वाट बघत होती, त्यांत सासू आली ती यादी घेऊन. ती काही बोलली नाही, आणि तुळसाला न बोललेलं कधी सहन होत नाही. तिनंच उकरून काढलं, की लग्नानंतर दोन वर्षांत तू तुझं नाव भांडुपला हलवून घेतलंस. ते हितं असतं तर मला आज नाशिकपर्यंत तंगडतोड करायला लागली नसती.

"नाव इथं असतं तर मी तुम्हाला सून वाटले असते की फुली?" पूनमनं विचारलं.

सुधीरनं मध्ये न पडता गाडी सुरू केली. बस चालवून चालवून त्याला एवढं समजलंय, की मागे दंगा चालला असला की डोळे रस्त्यावर ठेवायचे. भोरपर्यंत गाडीत फक्त फ्रीजची घरघर होती. त्यात तुळसानं आणलेलं सुकट ठेवलं होतं, तेव्हा दार उघडलं की सगळ्यांना कळायचं.

शुक्रवारी सकाळी नाशिकच्या बाहेर, धरणाच्या अंगाला, द्राक्षांचे मळे लागले. तुळसाच्या परसात मांडवावर पडवळ आणि घेवडा चढतो, तिला मांडव नवा नाही. पण डोंगराच्या पायथ्यापर्यंत ओळीनं एकच वेल, कुठं वाकडी म्हणून नाही, हे बघून ती थोडी नरमली. एवढी माती एका पिकाला दिलेली तिनं कधी पाहिली नव्हती. तोडणीचे दिवस होते. क्रेट भरून ट्रॅक्टर चालले होते आणि वाऱ्यावर आंबूस वास. हा वास मला ओळखीचा हाय, ती म्हणाली, आमच्या थांब्यावर येतो.

सोनाली कामाला असलेली वायनरी बघायला तिकीट होतं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी सगळ्यांना फिरवत होती. घोट तोंडात घोळवायचा, वास घ्यायचा, हवं तर थुंकून टाकायचा, असं तिनं सांगितलं. थुंकायचीच तर घ्यायची कशाला, असं तुळसानं विचारल्यावर पुढची चार माणसं मागं वळून हसली. पूनमनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि तरी दुसरा घेतला. सासूनं ते पाहिलं आणि सोडून दिलं. तेवढी समज तिला आहे. भांडण थांब्यावरच्या दुकानाशी होतं, पूनमच्या घोटाशी नव्हतं.

मग तळघर. गार, अंधारं, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत बाटल्या. हजारो. एकूण एक आडव्या.

तुळसा जागच्या जागी थबकली. गेले दोन महिने ती घराघरांत जाऊन हात आडवा करून दाखवत होती, अशी बाटली, अशीवर शिक्का मारा. आणि इथं दारूवाल्यांनीच सगळ्या बाटल्या आडव्या करून ठेवलेल्या. असं का, म्हणून तिनं विचारलं. मुलगी म्हणाली, आजी, बाटली आडवी ठेवली की बूच ओलं राहतं, हवा आत जात नाही. उभी ठेवली तर बूच सुकतं आणि वाइन नासते.

"उभी नासते?" तुळसानं खात्री करून घेतली. मुलगी हो म्हणाली. तुळसाचं समाधान तिथं बघण्यासारखं होतं. तिनं दिशाकडून फोटो काढवून घेतला आणि लगेच धोंडूबाईला पाठवायला लावला. खाली लिही म्हणाली, उभी नासते.

सोनाली त्याच आवारात, बाटल्यांना लेबल लावायच्या खात्यात होती. जेवणाच्या सुट्टीत ती डोक्याची जाळीची टोपी काढत बाहेर आली. अंगानं थोडी भरलेली, चाल ठाम. तुळसाला बघून तिचा चेहरा आधी उजळला, मग सावध झाला. तुळसा पुढं झाली आणि पहिलं वाक्य बोलली.

"तू पाचशे सत्तेचाळीस ना गो?"

सोनालीला काही कळेना. तुळसानं यादी काढून दाखवली, मतदान सांगितलं, दोनशे नऊ सांगितले, आणि तुझ्याएवढं एकच कमी पडतंय, उद्या गाडीत बस, असा हुकूम सोडला. सोनालीनं डबा शेजारी ठेवला.

"काकी, ह्या हातांनी मी दिवसभर बाटल्यांना लेबलं लावते. माझी दोन्ही पोरं शाळेत जातात ती बाटलीवर. आणि मी तिकडं येऊन बाटली आडवी करू?"

"पोरं दारूवर वाढवतेस ते वर तोंड करून सांगतेस?"

"सांगते. तुमच्या गावात भाकरीवर वाढवत होते तेव्हा ती भाकरीपण मला सुनावून मिळायची. तेव्हा तुमची यादी कुठं होती?"

इथं तुळसाचं डोकं फिरलं. फिरलं की तिला आवरत नाही, हे तिलाही माहीत आहे. तू दारूवाल्यांची झालीस, तुझ्यापेक्षा मेलेल्या बऱ्या, त्या निदान उलट बोलत नायत, असं ती सगळ्यांसमोर बोलून गेली. सोनालीनं टोपी परत डोक्यावर चढवली.

"आणि काकी, हितं सगळ्या बाटल्या आडव्याच असतात. का ते म्हायत हाय? आडवी केली की दारू टिकते."

ती आत गेली. डबा तसाच राहिला होता, तो घ्यायला ती परत आली नाही. दुसरीच बाई येऊन घेऊन गेली.

गाडी धरणाच्या कडेला उभी केली होती. उन्हं उतरत होती, पाण्यावर बगळे. दिशा आणि सुधीर काठानं चालत गेले होते. पूनमनं आतल्या शेगडीवर चहा केला, पहिल्यांदाच, आणि कप सासूपुढे ठेवला. तुळसा वही मांडीवर घेऊन बसली होती, पण वाचत नव्हती. सून म्हणून सोनालीची कशी लायकीच नव्हती, पहिल्यापासून ती तोंडाळ होती, असं काहीबाही ती बोलत होती. पूनम ऐकत होती. मग म्हणाली, "आई, चार वर्षांनी तिच्या गावचं माणूस तिला भेटायला आलं. तुम्ही तिचं नाव तरी घेतलंत का?"

तुळसानं मान वर केली.  चहा निवून साय धरली तरी ती पाण्याकडे बघत राहिली. कुणाकुणाच्या नावातून एकेक अक्षर काढून ती वाचायला शिकली, आणि शेवटी आकडेच हातात राहिले, नावं कुठं गेली, हे काही तिनं बोलून दाखवलं नाही. ती फक्त म्हणाली, "उद्याचा तुझा दिवस मला दे, पूनम. भंडारदऱ्याचा."

ती मागते असं पूनमनं लग्नाला अठरा वर्षं झाली तरी ऐकलं नव्हतं. हुकूम ऐकले होते.

"घ्या," पूनम म्हणाली. "पण ती नाही म्हणाली तर दिवस मला परत."

शनिवारी सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी तुळसा वायनरीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. यादी गाडीत ठेवली होती. रिकाम्या हाताचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं, म्हणून पदराचं टोक धरून ठेवलं होतं. सोनाली दोन बायकांबरोबर आली. तुळसाला बघून तिनं मान फिरवली.

"सोनाली," तुळसानं हाक मारली. "काल मी वंगाळ बोलले. पोरं कशी हायत?"

सोनाली थांबली. बरोबरच्या बायका पुढं गेल्या. पोरं बरी हायत, मोठा चौथीत गेला, असं ती जेवढ्यास तेवढं बोलली. मग तुळसा जे बोलली ते तिनं रात्रभर घोळवलं असावं, कारण इतकं कमी ती कधी बोलत नाही.

"आडवीला दे म्हणून मी सांगायला नाय आले. उभीला दे हवं तर. पण तू आली नायस, तर तुझं मत ते उभीत धरणार. तुला न विचारता. तुझ्या नावावर दुसरंच कुणी मत घेतंय, ते तुला चालतंय का, एवढं सांग."

सोनालीनं विचारलं, "न येणारीचं मत उभीला?"

"नियमच हाय तसा."

"आणि मी आले आणि उभीलाच दिलं, तर?"

"तर मी हरेन. पण तुझ्या हातानं हरेन, त्या कागदाच्या नाय."

फाटकावरचा भोंगा वाजला. सोनाली हलली नाही. शेवटी तिनं अट घातली. तोडणीच्या दिवसांत इथं रजा नाही. तुम्ही माझ्याबरोबर साहेबासमोर या, मला कशाला नेताय ते तुमच्या तोंडानं सांगा, आणि सोमवारी दोनच्या पाळीला मला इथं आणून उभी करा. तुम्ही स्वतः. कुणाच्या गाडीत बसवून द्यायचं नाय.

अशा रीतीनं महाड तालुक्यातली दारूबंदीवाली तुळसा एका वायनरीच्या साहेबाच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली आणि तुमची बाई आमच्याकडे बाटली आडवी करायला नेते म्हणाली. साहेबाला आधी वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. समजलं तेव्हा त्यानं चष्मा काढून पुसला. सोमवारी दोनला ही आली नाही तर हिची जागा दुसरीला जाईल, एवढं त्यानं बजावलं. तुळसा म्हणाली, मी तुळसा चांगू सकपाळ, हेदकोंड, तालुका महाड. माझा शब्द लिहून घ्यायचा असला तर घ्या, सही मला येते.

त्यांनी दिवसभर गाडी हाणली. भंडारदऱ्याचा फाटा मागं पडला तेव्हा पूनमनं पाटीकडे पाहिलं आणि मग पुढं. सोनालीला तिनं खिडकीची जागा दिली. दोघींचं काय काय चाललं होतं, पोरांच्या शाळा, दवाखाने, एकमेकींच्या सासवा. एका सासूच्या कानांसमोर दुसरीच्या सासूची उणीदुणी निघत होती आणि तुळसा झोपल्याचं सोंग करून ऐकत होती. वरंधा घाट उतरून उजेड असताना ते हेदकोंडला पोचले. धोंडूबाई दारात आली. सुनेनं वाकून नमस्कार केला, सासूनं पाणी आणून दिलं. त्याहून जास्त दोघींनाही झेपलं नसतं.

रविवारी पहाटे सुधीर पूनम-दिशाला घेऊन गाडीनं मुंबईला निघाला, दुपारच्या आत ती परत करायची होती. शाळेत आठला मतदान सुरू झालं. दुकानवाल्यांनी आपल्या घरच्या बायकांना बाहेरच पडू दिलं नाही. न आल्यानंच काम होत असेल तर चालायचं कशाला. तरी देखाव्याला म्हणून सतरा जणी गाडीनं आणल्या. तुळसा फाटकाबाहेर वही घेऊन उभी. एकेक फुली पक्की होत होती. मुंबईचा टेम्पो आला. नव्वदीची जनाआजी पाटीत बसून आली. आणि साडेअकराला निरोप आला की सारिकाला कळा सुरू झाल्या, तिला महाडच्या दवाखान्यात नेलं.

दोनशे नऊचे दोनशे आठ झाले. सोनालीनं आडवीला दिलं तरी दोनशे नऊ. तुळसानं पुन्हा बेरीज केली, बोटांवर केली, तेवढीच आली.

त्याच वेळी सोनाली रांगेत होती. दुपारी बारापर्यंत हरलेलं मतदान तिला दिसत होतं, कारण सारिकाचं तिनंही ऐकलं होतं. तिनं रांगेतून मागं वळून तुळसाकडे पाहिलं. घरी जा म्हणालात तर जाते, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. तुळसानं हातानं पुढं सरक असं खुणावलं. तू मत टाकायला आलीस, टाक. सोनाली आत गेली, बाहेर आली, बोटावरची शाई फुंकत शाळेच्या पायरीवर बसली.

मोजणी पाचला. आणि वरंधा घाटाची शेवटची एस.टी. दुपारीच गेलेली. सोमवारी दोनला नाशिक गाठायचं, तर महाडहून साडेपाचची, पोलादपूर-महाबळेश्वरवरून पुण्याला जाणारी गाडी पकडायला हवी, आणि त्यासाठी चारला गाव सोडायला हवं. सगळ्या बायका तुळसाला म्हणाल्या, सोनालीला बसवून दे आणि तू थांब. अर्ज तुझा, सही तुझी, मोजणीला तू पाहिजेस. दोन वर्षांचं भांडण, आणि शेवटच्या तासाला तू नसशील तर दुकानवाले म्हणतील पळून गेली.

हे शेवटचं तिला लागलं. पळून गेली असं तिच्याबद्दल आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती शाळेच्या दारापर्यंत गेली, आतल्या पेटीकडे पाहिलं, मग वही धोंडूबाईच्या हातात दिली. पाटीपेन्सिल घेऊन आत बस, प्रत्येक चिठ्ठी डोळ्यांनी बघ, बाद म्हणाले तर का ते विचार, असं सांगून ती पिशवी घ्यायला घरी गेली. दुकानासमोरून रिक्षा गेली तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. तुळसानं रिक्षा थांबवली नाही. अशी शिट्टी सोडून देणं तिला आयुष्यात पहिल्यांदा जमलं.

पोलादपूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. ड्रायव्हर चहाला उतरला. तुळसानं फोन हातातच धरला होता, आणि तो वाजला तेव्हा तिला तो कानाला लावायला वेळ लागला. धोंडूबाई पलीकडून धापा टाकत होती. मागं ढोल.

"दोनशे दहा," धोंडूबाई म्हणाली. "आडव्या दोनशे दहा, उभ्या पंधरा, एक बाद. झालं गो तुळसा. बंद झालं."

 तुळसाच्या डोक्यात बेरीज चालली होती आणि ती जुळत नव्हती. आपल्या दोनशे आठ. सोनाली आडवीला असली तरी दोनशे नऊ. दोनशे दहावी कुठून आली? त्यांच्या सतरांतलीच कुणीतरी. एक, किंवा सोनाली उभीला असली तर दोन. दुकानाच्या गाडीतून उतरून, दुकानवाल्यांसमोर रांग लावून, आत जाऊन बाटली आडवी करून आलेली बाई, आणि तुळसाच्या वहीत तिच्यासमोर फुली नाही. दोन महिने ती घरोघर फिरली आणि ही तिला दिसली नाही. तिला आनंदाच्या आधी राग आला. कोण ही? सतरांचे आकडे तिच्या जिभेवर येऊ लागले.

धोंडूबाईलाही तेच पडलं होतं. ती म्हणाली, कोण असंल ते उद्या काढतेच मी शोधून, पाया पडायचं हाय तिच्या.

"नाय," तुळसा म्हणाली. "शोधायचं नाय. कुणाला विचारायचंपण नाय. ती घरी गेली असंल, तिला सुखानं भाकऱ्या करू दे. वही तुझ्याकडं हाय ना? त्या सतरांचे आकडे लिवलेत, त्या पानावर चूल पेटव."

फोन ठेवून ती सोनालीकडे वळली. सोनालीनं सगळं ऐकलं होतं. तिच्या ओठांच्या कडेला हसू होतं आणि ते कशाचं, हे सांगता येत नव्हतं.

"काकी, मी कुणाला दिलं ते इचारणार नाय?"

"नाय."

"आणि मीच सांगितलं तर?"

"तर पुढल्या स्टँडवर उतरेन आणि तुझ्या साहेबाला तू एकटीच तोंड दे."

सोनाली मोठ्यानं हसली. पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं. ड्रायव्हर आला, गाडीनं घाटाकडे तोंड केलं. तुळसानं कंडक्टरला हाक मारून पुण्याला किती वाजता पोचणार ते विचारलं, तिथून नाशिकची पहिली गाडी कुठल्या फलाटाला लागते ते विचारलं, आणि ती चुकली तर दुसरी किती वाजता हेही विचारून घेतलं.